केस पिकतात, ग्रे होत नाहीत

‘ग्रे हेअर’ आपल्या बोलण्यात इतकं मुरलंय की त्याला मराठीत काय म्हणायचं असं कुणी विचारलं तर क्षणभर अडखळायला होतं. राखाडी? करडे? राखाडी सफारी असते, करडी मांजर असते, पण केसांना हे दोन्ही शब्द चिकटत नाहीत. आपल्याकडे केस पांढरे होतात, नाहीतर पिकतात. मला विचाराल तर पिकतात हाच अस्सल शब्द. पार्लरवाल्यांच्या ‘ग्रे कव्हरेज’च्या रेट्यात तो आजी-आजोबांच्या तोंडापुरता उरत चाललाय, याची मला चुटपुट लागते.

शब्दाचं मूळ संस्कृत ‘पक्व’. प्राकृतात त्याचं ‘पिक्क’ झालं आणि मराठीत पिकणं आलं. धातू ‘पच्’, म्हणजे शिजवणं. म्हणून शेतातलं पीक, अढीतला पिकलेला आंबा, ताटातलं पक्वान्न आणि पोटातलं पचन ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. आपले केसही त्यातच.

आता खरी गंमत. संस्कृतात पिकलेल्या केसांना वेगळा, खास शब्द आहे: पलित. (इंग्रजीतला ‘पेल’ हा त्याचा लांबचा चुलतभाऊ.) या पलिताची गणना सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये केलीय आणि कारण दिलंय ते असं:

क्रोधशोकश्रमकृतः शरीरोष्मा शिरोगतः ।
पित्तं च केशान् पचति पलितं तेन जायते ॥

राग, शोक आणि श्रम यांमुळे अंगातली उष्णता डोक्यात जाते, ती आणि पित्त मिळून केसांना ‘पचति’. तोच धातू! वैद्यांच्या ग्रंथात केस ‘पचतात’, आपल्या ओसरीवर ते ‘पिकतात’. पलित हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातून गेला, पण त्यामागची कल्पना पिकण्यात शाबूत आहे.

हे वाचून ‘आमच्या ग्रंथात सगळं होतंच’ म्हणून शेअर करायला धावू नका. पित्ताने केस शिजतात हे काही आजचं शास्त्र नाही. केसाच्या मुळाशी मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी असतात, त्या थकल्या की नवा केस बिनरंगी उगवतो. मात्र क्रोध-शोक-श्रमाकडे बोट दाखवणाऱ्याची नजर पक्की होती. 2020 साली ‘नेचर’मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा उंदरांवरचा अभ्यास आला. तीव्र ताणाखाली चेतातंतूंच्या अतिउत्तेजनामुळे रंगपेशी ज्यांतून तयार होतात तो मूळपेशींचा साठाच संपतो, असं त्यात दिसलं.

‘माझे केस काय उन्हाने पांढरे झालेत?’ असं आपण ठणकावतो तेव्हा मात्र ‘पिकलेत’ म्हणत नाही. उन्हाने तर पिकायचंच असतं, सगळा मुद्दाच पडला असता!

पिकलेल्या पहिल्या केसाचं कालिदासाइतकं खट्याळ वर्णन मी तरी वाचलेलं नाही. रघुवंशाच्या बाराव्या सर्गाच्या सुरुवातीला म्हातारपण पलिताचा वेष घेऊन दशरथाच्या कानापाशी येतं आणि राज्य रामाला दे असं कुजबुजतं. कुजबुजतं का, तर जणू कैकेयी ऐकेल या भीतीने! कल्ल्याजवळचा पांढरा केस बघून आपण कात्री शोधतो, यांनी त्यावर अख्खं राजकारण उभं केलं.

आणि अवेळी केस पिकणं हे हल्लीच्या बोअरच्या पाण्याचं न् शांपूचं पाप, असं म्हणणाऱ्यांसाठी पाणिनी. अष्टाध्यायीत एक सूत्र आहे, ‘युवा खलतिपलितवलिनजरतीभिः’. त्यानुसार ‘युवा’ शब्दाचा पलिताशी समास होतो: युवपलित, म्हणजे तरुणपणीच केस पिकलेला. टक्कल पडलेल्या तरुणासाठी युवखलति आहेच. व्याकरणात नियम करावा लागला म्हणजे अशी पोरं तेव्हाही काही कमी नसणार. ऑफिसात ज्यांना पंचविशीतच ‘काका’ ऐकावं लागतं, त्यांनी हा शब्द बिनदिक्कत प्रोफाइलवर लावावा. कलपापेक्षा स्वस्त पडेल.