‘डीएमआयडीकोड चालवा आणि मोकळे व्हा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

लिनक्स कर्नलच्या एडॅकमध्ये, म्हणजे रॅममधले एरर पकडून मोजणाऱ्या भागात, रॅम मॉड्यूलच्या जागांची लेबलं (बोर्डावर स्लॉटशेजारी छापलेली नावं) कशी नोंदवायची, या मागच्या लेखावर एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लेखक २००६ सालात अडकला आहे; लेबलांची फाइल हाताने लिहिणं हा रिकामटेकडा उद्योग आहे; डीएमआयडीकोड या कमांडला टाइप १७, म्हणजे मेमरी मॉड्यूलांची नोंद, विचारलं की सगळं कळतं; सीएसरो, म्हणजे एडॅकची मेमरी ओळींनुसार दाखवायची जुनी मांडणी, आता कुणी वापरत नाही; आणि असले लेख मराठीत लिहून नवशिक्यांची दिशाभूल करू नये.

सीएसरोचं मान्य. नव्या कर्नलमध्ये सिसएफएसात (कर्नल आपली माहिती फाइलरूपात दाखवतो तिथे) एमसी०, म्हणजे पहिल्या मेमरी कंट्रोलरखाली, डिम (मॉड्यूल) किंवा रँक (मॉड्यूलमधला चिपांचा एक गट) नावाच्या डिरेक्टऱ्या दिसतात, सीएसरो ही जुन्या टूलची पद्धत. लेखात तसं वाक्य घातलं. हीच गोष्ट ‘रिकामटेकडा’ न म्हणताही सांगता आली असती. प्रतिक्रियेखाली चार सर्टिफिकेटांची नावं लिहिणाऱ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवली, तर ते जास्त होऊ नये.

२००६ म्हणाल, तर एडॅक २.६.१६ कर्नलमध्ये आलं ते त्याच वर्षी. आधी हा प्रकल्प ब्लूस्मोक नावाने वेगळा चालत होता. तेव्हापासून आजवर मदरबोर्डवर छापलेली अक्षरं वाचायला कर्नलला डोळे फुटलेले नाहीत. लेबलं बूट झाल्यावर यूजरस्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामने, भरायची, कारण ही माहिती बोर्डागणिक वेगळी असते, हे कर्नलच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलं आहे. तेव्हा तक्रार तिकडे करा.

आता टाइप १७. उमेदीची वर्षं सर्व्हर रूममध्ये काढलेल्या माणसाला हे शिकवायला निघालात, ठीक आहे. डीएमआयडीकोड हार्डवेअर तपासत नाही. बायोसने भरून ठेवलेला तक्ता तो वाचून दाखवतो. ही माहिती बरेचदा चुकीची किंवा अपुरी असते, असं त्याच्याच मॅन पेजमध्ये ‘बग्ज’खाली म्हटलं आहे. तो तक्ता म्हणजे सातबारा: नोंद असते, पण जमीन कोण कसतंय ते बांधावर जाऊनच कळतं. ‘लोकेटर’ आणि ‘बँक लोकेटर’ या रकान्यांत तर बोर्डवाला वाटेल ते लिहू शकतो.

तक्ता बरोबर आहे असं धरून चालू. तरी काम होत नाही. एरर मोजतो एडॅक, आणि तो कंट्रोलर, चॅनल, स्लॉट या भाषेत बोलतो. इंटेलच्या सर्व्हरवर लॉगमध्ये येतं ते असं: ‘एडॅक एमसी०: १ सीई मेमरी रीड एरर ऑन सीपीयू_एसआरसीआयडी#०_एमसी#०_चॅन#१_डिम#०’ (सीई म्हणजे दुरुस्त झालेला एरर). बोर्डावर छापलेलं असतं ए१, ए२, बी१. चॅन#१ म्हणजे पहिला चॅनल समजून लोक ए१ उपटतात. कर्नल शून्यापासून मोजतो, तेव्हा तो दुसरा चॅनल झाला. मग चांगलं मॉड्यूल वॉरंटीत जातं, ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येतं, आणि एररचा काउंटर इकडे वाढतच राहतो. टाइप १७ मध्ये सीरियल नंबर मिळतो, पण एडॅकच्या ओळीत सीरियल नंबर नसतो. दोन्ही जुळवणारा धागा म्हणजे ती हाताने लिहिलेली फाइल.

ती कशी खरी करायची, हे आपण वाचलेलंच दिसत नाही, म्हणून पुन्हा. आधी मशीन बंद, पॉवर केबल काढलेली, बोर्डावरचा स्टँडबाय दिवा विझलेला. सगळी मॉड्यूल १६ जीबीची असतील तर त्याच जातीचं एक ८ जीबीचं घ्या आणि एका स्लॉटमध्ये लावा. बूट करून प्रत्येक डिम डिरेक्टरीतली ‘साइज’ फाइल बघा: सगळीकडे १६३८४, एका ठिकाणी ८१९२. ते ठिकाण म्हणजे तो स्लॉट. छापलेलं अक्षर लिहून घ्या, मॉड्यूल पुढच्या स्लॉटमध्ये हलवा. बाकी स्लॉट रिकामे ठेवून एकच मॉड्यूल फिरवायचा मोह आवरा. चॅनलला दोन स्लॉट असले की बरेच बोर्ड दुसरा स्लॉट एकटा भरलेला चालवून घेत नाहीत. एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये डिरेक्टरीचं नाव रँक असतं आणि ड्युअल रँक मॉड्यूल दोन जागी अर्धं अर्धं दिसतं, म्हणून तिथे ४०९६ दोनदा शोधा.

फाइल रासडीमनच्या (एरर नोंदवणाऱ्या यूजरस्पेस प्रोग्रामच्या) डिम लेबलांच्या डिरेक्टरीत, ईटीसीखाली, ठेवायची. वर वेंडर आणि मॉडेल, खाली ‘ए१: ०.०.०;’ अशा ओळी: आधी छापलेलं नाव, मग एडॅकच्या आकड्यांतली जागा. नाव बोर्डाने सांगितलेल्या नावाशी जुळलं पाहिजे, म्हणून आधी रासडीमनसोबत येणारी रास-एमसी-सीटीएल कमांड ‘मेनबोर्ड’ पर्यायाने चालवून बघा. सिसएफएसातली लेबलं रीबूटनंतर टिकत नाहीत. एडॅक ड्रायव्हर लेबलं भरणाऱ्या सर्व्हिसच्या नंतर लोड झाला तरीही लेबलं लागत नाहीत, आणि लॉगमध्ये पुन्हा तीच आकड्यांची माळ. पॅनिकच्या वेळी, म्हणजे कर्नल कोसळताना, स्क्रीनवर ती एकच ओळ उरते, तेव्हा तिच्यात ‘बी१’ असणं याला उद्योग म्हणायचं की काय, ते आपण ठरवा.

फर्मवेअर आधी एरर हाताळतं अशा सर्व्हरवर जीएचईएस-एडॅक हा ड्रायव्हर लेबल बायोसच्या तक्त्यातूनच उचलतो, हो. तक्ता चुकला की लेबलही चुकलं. पुढे बोलायला नको.

मराठीत लिहावं की नाही, यावर मी वाद घालत नाही.

पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी रास-एमसी-सीटीएल ‘प्रिंट-लेबल्स’ पर्यायाने चालवा आणि आउटपुट बोर्डाच्या मॉडेलसकट इथे टाका. कॉन्फिगर्ड लेबल आणि सिसएफएसातलं लेबल हे रकाने जुळले, तर फाइल लागू झाली एवढंच सिद्ध होतं. अक्षर कव्हर उघडूनच बघावं लागेल. नुसतं ‘माझ्याकडे बरोबर दिसतं’ असं लिहिलंत, तर मंजूर करणार नाही.