दादा, पुतळा वेगळा आणि कोच वेगळा

चार दिवसांपासून घरच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय आणि मी इकडे इंग्लंडमधल्या न्यूकासलमध्ये बसून चिडतोय. इंदूरला माझा पुतण्या ज्या ग्राउंडवर फुटबॉल खेळतो तिथले सर बदला म्हणून पालकांनी सह्या गोळा केल्या. कारण काय, तर सर कधी मोठ्या लेव्हलला खेळलेच नाहीत. दादानेही सही केली. "जो स्वतः मोठं खेळला नाही तो पोरांना काय शिकवणार भिया?"

दादा, मी राहतो त्या गावाने हे २००९ मध्येच बघून घेतलंय. ॲलन शेअरर, प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये, २६० गोल, न्यूकासलसाठी २०६, स्टेडियमबाहेर पुतळा आहे त्याचा. क्लब बुडायला लागला तेव्हा शेवटच्या ८ मॅचेससाठी त्यालाच मॅनेजर, म्हणजे कोच, केलं. जिंकला १. टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. आणि नेमक्या त्याच दिवसांत पार दक्षिणेला, चौथ्या डिव्हिजनमध्ये, एडी हाऊ नावाचा ३१ वर्षांचा मुलगा बोर्नमथ क्लबला वाचवत होता, ज्या टीमने दंड म्हणून सीझनच उणे १७ पॉइंट्सवरून सुरू केला होता.

हा हाऊ इंग्लंडच्या सिनियर टीममधून एकदाही खेळलेला नाही. बोर्नमथचाच डिफेंडर होता, २००२ मध्ये पोर्ट्समथने घेतला आणि लगेच गुडघा गेला. त्याला परत आणायला बोर्नमथकडे पैसे नव्हते तर तिथल्या लोकांनी वर्गणी काढली. तिशीच्या आत खेळ संपला. मला वाटतं जो बाहेर बसून खेळ बघतो त्याला आतल्यापेक्षा जास्त दिसतं, आणि हाऊला दिसलं. २०१५ मध्ये तेच बोर्नमथ प्रीमियर लीगमध्ये! २०२० ला परत खाली आले, तेही खरं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तो आमच्याकडे आला तेव्हा ११ मॅचेसमध्ये एकही विजय नव्हता. दादा लगेच लिहील की तिथे सौदी मालकांचा पैसा आहे. आहे ना. पण जोएलिंटन नावाचा खेळाडू तर त्या पैशाच्या आधीपासून इथेच होता, स्ट्रायकर म्हणून फुकट गेलेला, मेट्रोमध्ये लोक त्याच्या नावाने शिव्या द्यायचे ते मी ऐकलंय. हाऊने त्याला मिडफिल्डमध्ये मागे घेतलं आणि तोच माणूस टीमचा कणा झाला. कोचिंग म्हणतात ते हे. त्यासाठी २६० गोल लागत नाहीत, डोळे लागतात, आणि पोराला वेळ द्यावा लागतो जो आपल्याकडचे पालक सहा महिनेसुद्धा देत नाहीत.

बरं, इंग्लंडचं सोडा. आपल्या क्रिकेटमधला चंदू पंडित घ्या. ५ टेस्ट खेळलेला माणूस, गावसकर नव्हे. १९९९ ची रणजी फायनल, बेंगळुरू, पंडित आपल्या मध्य प्रदेशचा कॅप्टन, पहिल्या डावात लीड घेऊनही हरलो. रामबागेतल्या घरी बाबांनी रेडिओ बंद केला आणि जेवले नाहीत. दादा, तू होतास तिथे. २०२२ मध्ये त्याच मैदानावर त्याच पंडितने कोच म्हणून मध्य प्रदेशला पहिली रणजी जिंकून दिली, तीही मुंबईला हरवून. तेव्हा कोणी विचारलं का किती टेस्ट खेळलात?

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं तर दादाचं उत्तर आलं, "तू तिकडे बसून सांगू नको." तेव्हापासून झोप नाही नीट.

कारण त्यात खरं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये न्यूकासलने वेम्बलीवर लिव्हरपूलला २-१ हरवून लीग कप आणला, देशातली मोठी ट्रॉफी १९५५ नंतर पहिली, आणि टाउन मूरच्या मैदानावर परेडला मीही गेलो. शेजारी उभ्या म्हाताऱ्याने मला मिठी मारली, तो रडत होता, म्हणाला माझे वडील हे बघायला नाहीत. मला त्याच्याइतकंच रडू आलं. पण मला रणजी आठवत होती. २०२२ च्या त्या फायनलच्या रविवारी सकाळी मी किचनमध्ये फोनवर एकटा मॅच बघत होतो, बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती, बायको ड्युटीवर. जिंकल्यावर दादाला फोन लावला तर मागे नुसता गलका, सगळे रामबागेत जमलेले. तो ओरडून म्हणाला, "बघितलंस ना? कोणाबरोबर बघितलंस?"

मी म्हटलं, आहेत इथे मित्र.