'विद्यापीठांनी नाशिकला काय दिलं?' वाल्या फॉरवर्डला उत्तर

चार-पाच ग्रुपवर एकच मेसेज आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मेसेज असा: सरकारी विद्यापीठं म्हणजे डिग्र्या छापायचे कारखाने, नाशिक वाढलं ते कांदा, वाईन आणि एमआयडीसीमुळे, पोरं शिकून पुण्याला पळतात, तेव्हा विद्यापीठांवरचे पैसे काढा आणि आयटी पार्कला द्या.

कांद्याचं नाव घेऊन विद्यापीठाला शिव्या, हे भारीच आहे राव. बसवंत 780 ऐकलंय ना? खरिपाचा कांदा. तो काढला आपल्याच पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रावर, आणि ते केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. निफाडचं गहू केंद्रही त्यांचंच, तिथल्या वाणांची नावंच बघा, त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. कसमादेत (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) ज्या 'भगवा' डाळिंबावर लोकांनी बंगले बांधले तो वाणही राहुरीचाच (पुढे तेल्या रोगाने बागा संपवल्या ते वेगळं दुखणं). आता हे कुणाला दिसत का नाही, तर कांद्याचं बी शेतकरी डोंगळे (बियांसाठी ठेवलेले कांदे) लावून घरीच धरतो, एकदा वाण हातात आला की दरवर्षी विद्यापीठाकडे पैसे भरायला कोण जातंय, म्हणजे फायदा बहुतेक शेतात जातो आणि विद्यापीठाच्या हिशोबात तो फारसा दिसत नाही. खाजगी कंपनी असल्या वाणाच्या संशोधनात जास्त पैसे कशाला घालेल? तिला तर दरवर्षी गिऱ्हाईक परत यायला हवं.

वाईनचं मान्य, ती नाशिकच्या कुठल्या विद्यापीठाने आणली नाही. पण ज्या कॅलिफोर्नियाकडे बघून आपण स्वतःला वाईन कॅपिटल म्हणवतो, तिथे 1880 मध्येच कायदा करून सरकारी विद्यापीठाला द्राक्ष आणि वाईनच्या संशोधनाला लावलं होतं, त्याच विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसचं नावाजलेलं काम त्याच परंपरेतलं. त्यामुळे वाईनचं उदाहरण मेसेजवाल्यावरच उलटतं.

एमआयडीसी अर्धं खरं. ओझरला एचएएल (विमानं बनवणारी सरकारी कंपनी) आलं ते सरकारच्या निर्णयाने, विद्यापीठ होतं म्हणून नाही. पण सातपूर-अंबडला शिफ्ट करून ज्यांना डिग्री घ्यायची होती त्यांनी रेग्युलर कॉलेज कधी करायचं? नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 ला निघालं ते अशांसाठीच. नोकरी न सोडता शिकता येणं हीच मोठी गोष्ट आहे, शिकायचं म्हणून पगार बुडत नाही.

पोरं पुण्याला जातात हे मात्र खरंय आणि त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. एवढंच सांगतो, व्हालेरो आणि व्हॅन रीनन या अर्थतज्ज्ञांनी 78 देशांतली साधारण 15 हजार विद्यापीठं तपासली, 2019 मध्ये पेपर आला. एखाद्या भागात विद्यापीठं दुप्पट झाली तर पुढे तिथलं दरडोई उत्पन्न साधारण 4 टक्क्यांनी जास्त दिसतं, आणि शेजारच्या भागांनाही थोडा फायदा होतो. 4 टक्के म्हणजे काही जादू नाही, आणि याने कारण-परिणाम पक्का सिद्ध होतो असंही कुणी समजू नये, पण 'काहीच उपयोग नाही' हे तरी त्यात कुठेच बसत नाही. आपली खरी तक्रार वेगळी असायला हवी, की पुणे विद्यापीठाचं उपकेंद्र नाशिकजवळच्या शिवनईला उभं राहायला इतका वेळ का लागला, ती तक्रार कुणी फॉरवर्ड करत नाही.

राहिलं आयटी पार्क. अंबडला आयटीसाठी बिल्डिंग बांधली होती की, वर्षानुवर्षं रिकामी पडून होती. नुसती बिल्डिंग बघून कंपनी येत नाही, आधी ती विचारते इथे माणसं किती मिळतील, आणि ती माणसं तयार करणाऱ्या जागेचेच पैसे काढा म्हणताय तुम्ही.