आरएफआयडीचं गेट आणि 'सुरेख' फॉन्टातली यादी

वाचनालयासमोरच्या कट्ट्यावर रविवारी जो राडा झाला तो लिहून ठेवतोय, कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर जो तो आपापल्या सोयीने सांगत सुटलाय. नावं बदललीत, वाचनालयाचं नाव देत नाही, सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव एवढं पुरे.

विषय काढला नानांनी. नाना म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, वाचनालयाच्या कार्यकारिणीवर. एक देणगीदार भेटलाय, मूळचा इथलाच, मुंबईत धंदा आहे, त्याला गावासाठी काहीतरी 'आधुनिक' करायचंय, म्हणून आरएफआयडीचं कोटेशन मागवलंय. प्रत्येक पुस्तकाला चिपचा टॅग, दारात गेट, नोंद न करता कोणी पुस्तक बाहेर नेलं की गेट बोंबलणार, आणि सभासदाने पुस्तकं मशिनवर ठेवली की देवघेव आपोआप.

"नाना, आपल्याकडं पुस्तक चोरतंय कोण," पप्या म्हणला, "न्यायलाच कोण येत नाही."

हे अर्धंच खरं आहे. वरच्या अभ्यासिकेत एमपीएससीची पोरं सकाळी सातपासून पिशव्या ठेवून जागा धरतात, पण पुस्तकं स्वतःची आणतात, वाचनालयाकडून त्यांना पाहिजे असतो पंखा, वायफाय आणि चार्जिंगचा पॉइंट. खालच्या देवघेवीला मात्र पेन्शनर, काही बायका आणि सुट्टीत पोरं.

वैशालीताई आमची ग्रंथपाल, 'ब' वर्गाचं वाचनालय, तिला मिळतं ते पगार नव्हे, मानधन, आणि तेही अनुदान येईल तेव्हा. ती इतका वेळ गप्प होती. म्हणली, "गेट बोंबलेल हो नाना, पण कुठलं पुस्तक गेलं ते कोण सांगणार? यादी कुठाय?"

आणि मोबाईलमधला फोटो दाखवला. वीसेक वर्षांपूर्वी कोणीतरी सगळी यादी कॉम्प्युटरवर चढवली होती, डीव्हीबी सुरेख फॉन्टात. ते सॉफ्टवेअर करून देणारा माणूस गायब, जुना कॉम्प्युटर भंगारात, आणि नव्यावर फाईल उघडली की पुस्तकाच्या नावाच्या जागी टोपीवाली इंग्रजी अक्षरं, उलटे स्वल्पविराम, मधेच पौंडाचं चिन्ह. म्हणून आजही पुस्तक शोधायचं तर दाखल नोंदवही नाहीतर वैशालीताईचं डोकं.

प्रश्या लगेच, "कन्व्हर्टर असतो ताई, जुन्या फॉन्टातलं युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही मशिनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत करून देतो, पाच मिनिटाचं काम." प्रश्या पुण्यात आयटीत आहे, सध्या घरून काम करतो म्हणजे कट्ट्यावरून करतो.

"केलं ना कन्व्हर्ट. आता तू ॲडव्होकेट असं टाइप कर आणि शोध."

त्याने टाइप केलं, काही नाही. तिने तिच्या मोबाईलवर तोच शब्द टाइप केला, अकरा पुस्तकं आली. दोन्ही स्क्रीन शेजारी धरल्या तरी फरक दिसेना. झालंय असं की एकाचा ॲ म्हणजे अख्खं एकच अक्षर, दुसऱ्याचा म्हणजे अ टाइप करून वर चंद्र दिलेला, आणि तिसराही प्रकार आहे ज्यात मधे न दिसणारं जोडचिन्ह घुसलेलं असतं, तिन्ही दिसायला सेम पण सॉफ्टवेअरला तीन वेगळे शब्द. दऱ्या, वाऱ्या या शब्दांतल्या र ची तीच बोंब. त्यात लेखकाचं आडनाव आधी का नाव आधी, आद्याक्षरानंतर नुसतं टिंब का टिंब आणि स्पेस, म्हणजे एकाच लेखकाचे चार लेखक. प्रश्या दोन मिनिटं गप्प बसला, हे रेकॉर्डच म्हणायचं.

मग म्हणला एआयला द्या, नोंदवहीच्या पानांचे फोटो काढा, तो वाचून एक्सेल करून देईल. यात तथ्य आहे, छापील मराठी आता मशिन बरंच नीट वाचतं. पण ताईने तेही करून पाहिलं होतं. "जिथं अक्षर कळत नाही तिथं गप्प बसावं ना, हे मनानंच लेखक टाकतंय. परवा एक पोरगी निबंधासाठी पुस्तकांची यादी घेऊन आली, मोबाईलनं दिलेली, त्यातली निम्मी पुस्तकं जन्मालाच आलेली नाहीत. आणि मी नाही म्हणल्यावर तिला वाटलं आमच्याकडं नाहीत!" मी सांगितलं की 2025 च्या मे महिन्यात शिकागो सन टाइम्समधे उन्हाळ्यात वाचायच्या 15 पुस्तकांची यादी आली त्यातली 10 एआयने रचलेली होती, लेखक खरे, पुस्तकं खोटी. पप्याला हे फारच आवडलं.

नवीन पुस्तकांचं तरी सोपं असेल, आयएसबीएनचा बारकोड स्कॅन केला की माहिती येते, असं नाना म्हणाले. इंग्रजीला येते. मराठीला आलीच तर रोमन लिपीत, आणि कपाटातल्या जुन्या पुस्तकांवर तो नंबरच नसतो. सगळं हाताने.

इथून गाडी घसरली क्लाउडवर. कोटेशनवाल्याचं सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे, म्हणजे यादी त्यांच्या सर्व्हरवर, आणि दरवर्षी भाडं. माझं म्हणणं एवढंच होतं की गेट घ्या, चिप घ्या, काय पाहिजे ते घ्या, पण यादी आपल्या ताब्यात पाहिजे, आणि तिची एक प्रत नेटपासून लांब पाहिजे. ऑक्टोबर 2023 मधे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, खंडणी दिली नाही म्हणून 600 जीबीच्या आसपास डेटा चोरांनी नेटवर टाकला, आणि कॅटलॉग लोकांना ऑनलाइन परत दिसायला जानेवारी 2024 उजाडला. एवढ्या मोठ्या संस्थेचं हे, तर भाडं थकल्यावर आपला लॉगिन बंद झाला तर आपण कुणाच्या दारात जाणार?

"मग ई-बुकच घ्या की सगळी," पप्या. त्याला हार्परकॉलिन्स या प्रकाशकाचं सांगितलं. 2011 मधे त्यांनी अमेरिकेतल्या लायब्ऱ्यांना नियम लावला, एक ई-बुक 26 वेळा दिलं की संपलं, परत पैसे भरा. "आयला, फाईल झिजती व्हय?" मराठीत तर वाचनालयाने ई-बुक घेऊन सभासदाला द्यायची धड सोयच नाही, त्यामुळे तो वाद तिथंच मिटला.

प्रश्याने मग कोहा नावाचं वाचनालयाचं सॉफ्टवेअर काढलं. न्यूझीलंडमधे एका छोट्या लायब्ररीसाठी बनलेलं, 2000 साली सुरू झालेलं, लायसन्सला पैसा नाही, आणि नोंदी मार्क नावाच्या जगभर चालणाऱ्या साच्यात कधीही बाहेर काढता येतात. "मी बसवून देतो."

"आणि तुला ऑफिसनं बोलावलं की?" ताई म्हणली. "सर्व्हर बंद पडला की मी कुणाला फोन करू? फुकटचं सॉफ्टवेअर चालवायला माणूस फुकट मिळत नाही रे." याला उत्तर कोणाकडेच नव्हतं, माझ्याकडेही नाही. अनुदानात गेट बसतं का माहीत नाही, पण असा माणूस नक्की बसत नाही. नाना उसळले, केंद्राने वन नेशन वन सबस्क्रिप्शनला तीन वर्षांचे 6000 कोटी दिले, ते सगळे सरकारी कॉलेजं आणि संशोधन संस्थांना, तालुक्याच्या वाचनालयाला काय? ते वेगळं प्रकरण आहे, संशोधनाच्या जर्नल्सच्या वर्गणीचं आहे, पण त्यांचा राग समजण्यासारखा होता.

शेवटी नानांनी खरी अडचण सांगितली. "तुमचं सगळं पटतंय. पण गेटला रिबन बांधता येते, आमदार येतात, फोटो निघतो. युनिकोडला रिबन कुठं बांधू?"

"ताईच्या खुर्चीला बांधा," पप्या म्हणला.

मग ताईने कोटेशनवाल्याला एका ओळीचा मेल टाकायला लावला: पूर्ण यादी युनिकोडमधे, एक्सेल आणि मार्क दोन्हीत, आम्ही मागू तेव्हा मोफत द्याल का. मंगळवारी उत्तर आलं, तो मॉड्यूल वेगळा आहे, त्याचं कोटेशन वेगळं पाठवतो. कार्यकारिणीची मीटिंग गुरुवारी आहे, आणि नानांनी त्या मेलची प्रिंट काढून ठेवलीये.