उबळ

खालच्या मजल्यावरच्या आजींच्या बहिणीचा गुडघा सुजला आणि तिचं तिकीट माझ्या गळ्यात पडलं. म्युनिकमध्ये शेजारी आपण होऊन असं काही देत नाहीत, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. रविवार, दुपारी चार, जर्मन संगीतकार वाग्नरचा ऑपेरा ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’. “पण नुसती मैफल आहे हं,” आजींनी आधीच सांगितलं. म्हणजे नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. वाद्यवृंद मंचावर आणि गायक त्याच्यापुढे कोट-झगे घालून उभे. मला वाटलं, चला, तेवढाच वेळ वाचेल. पण वाग्नरने नेपथ्यात वेळ घालवलेलाच नाही. नुसतं संगीतच जवळजवळ चार तासांचं आहे, वर दोन मध्यंतरं.

माझी सर्दी नुकतीच गेली होती, खोकला मागे ठेवून. “अहो, खिशात खडीसाखर आणि लवंगा ठेवा,” बायको म्हणाली. ठेवल्या, पुण्याहून आलेल्या प्लास्टिकच्या पुडीसकट. ती पुडी ओव्हरकोटात होती. आणि इथे ओव्हरकोट घेऊन आत जाता येत नाही, हे मला कोट देऊन बिल्ला हातात आल्यावर आठवलं.

सुरुवात चेलोंनी होते. दोन-तीन स्वर, मग ती प्रसिद्ध कॉर्ड (एकदम वाजणारे चार स्वर: एफ, बी, डी शार्प, जी शार्प, ज्यावर जर्मनांनी ग्रंथ लिहिलेत), आणि मग शांतता. पुन्हा एक ओळ, पुन्हा शांतता. म्हणजे घसा खवखवणाऱ्या माणसासाठी मुद्दाम खड्डे खणून ठेवावेत तसं. त्या कॉर्डची गंमत अशी की ती सुटत नाही. आपल्याकडे गवई कितीही भटकला तरी समेवर येतो आणि आपण मान हलवून मोकळे होतो. इथे सम येते चार तासांनी, शेवटच्या पानावर. तोवर सगळं अडकलेलं. माझा खोकलाही त्याच कॉर्डवर येऊन अडकला.

पहिला अंक जहाजावर घडतो. आयर्लंडची राजकन्या इझोल्ड हिला ट्रिस्टान आपल्या मामाशी, मार्क राजाशी, लग्न लावायला कॉर्नवॉलला नेतोय. तिला त्याच्यासकट विष पिऊन मरायचंय, पण दासी विषाऐवजी प्रेमाचा काढा देते. इथे पेलाही नव्हता. गायिकेने खुर्चीखालची बाटली उचलून एक घोट घेतला. सभागृह हेलावलं. मी फक्त बाटलीकडे बघत होतो. विष असतं तरी चाललं असतं.

अंक संपला आणि दीड-दोन हजार माणसं एकदम खोकली. मी तोंड उघडलं. काही नाही! परवानगी मिळाल्याबरोबर उबळ गायब. मग रांगेत उभं राहून कोट मागवला, पुडी काढली, कोट परत दिला आणि कार्यक्रमपत्रिका वाचत बसलो. वाचायला नको होती. व्हिएन्नात या ऑपेराच्या 70 हून अधिक तालमी झाल्या आणि तो अशक्य म्हणून सोडून दिला. अखेर 10 जून 1865 ला इथे म्युनिकमध्ये पहिला प्रयोग झाला. वाद्यवृंदाचा संचालक हान्स फॉन ब्युलो. दोन महिने आधी, वाद्यवृंदाच्या पहिल्या तालमीच्या दिवशीच, त्याच्या बायकोला मुलगी झाली. नाव इझोल्ड, बाप वाग्नर. तरी हा काठी हलवत राहिला. पहिला ट्रिस्टान सहा आठवड्यांत गेला, वय 29. पुढे 1911 मध्ये फेलिक्स मोटल आणि 1968 मध्ये योसेफ काइलबर्ट, दोघेही म्युनिकमध्ये हाच ऑपेरा चालवताना कोसळले, तेही दुसऱ्याच अंकात. घंटा झाली. दुसरा अंक.

रात्रीचं प्रेमगीत. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर, समोर बघत, दिवसाला शिव्या आणि रात्रीला आळवणी. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. काही क्षण मी खोकलाही विसरलो. मग तो परत आला, आणि मी बेत केला: संगीत चढत चढत कळसाला पोचेल, तेव्हा पुडी फोडायची. शंभरेक वाद्यांत प्लास्टिक कोणाला ऐकू येतंय? संगीत चढलं. अजून चढलं. मी पुडीला हात घातला, ओढली, आणि नेमका तिथेच वाग्नरने घात केला. कळस होतच नाही! दासी किंचाळते, एक बेसूर धडाका होतो, मार्क राजा शिकारीहून परत येऊन दोघांना पकडतो आणि बघता बघता सगळं थंड. त्या गारठ्यात माझी पुडी चर्रर्र करत राहिली; सुरू झालेलं प्लास्टिक मध्येच थांबत नाही. राजाने तोंड उघडलं आणि मंचावरच्या अक्षरपट्टीवर शब्द उमटले: ‘खरंच केलंस तू हे?’

तो हे चुगली करणाऱ्या दरबाऱ्याला, मेलोटला विचारतो. पण पुढची अख्खी रांग वळली ती माझ्याकडे.

लवंगा खाली सांडल्या होत्या. राजा पुढे बराच वेळ एकटाच, अत्यंत दुखावलेल्या स्वरात गात होता. मला ते सगळं वैयक्तिक वाटलं.

तिसऱ्या अंकाआधी आजींनी काही न बोलता पर्समधून रुमाल काढला आणि त्यातली वेष्टन आधीच काढलेली खोकल्याची गोळी माझ्या तळहातावर ठेवली. एकच होती. अनुभवी बाई! त्या गोळीवर मी जखमी ट्रिस्टानचं गाणं निभावलं. तलवार लागलेला माणूस इतका वेळ गातो याचं संगीत नाटकांवर वाढलेल्या माणसाला नवल नाही. वन्समोअर मिळाला नाही याचंच वाटलं. मेल्यावर तो खुर्चीत बसला, पायावर पाय टाकून पाणी प्यायला.

शेवटी इझोल्ड उभी राहिली. लाटेवर लाट चढत गेली आणि चार तास अडकलेली कॉर्ड सुटली. बी मेजर. माझ्या छातीतलंही काहीतरी सुटलं, खोकला कुठल्या कुठे. संचालकाचे हात अजून हवेत, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता.

आणि आजी खोकल्या.

सगळी रांग वळली. माझ्याकडे. आजी निश्चल, नजर मंचावर. मी मान खाली घातली आणि हळूच माफी मागितली, “एन्टशुल्डिगुंग.”