मन प्रसन्न ठेवल्यानं बातमी छापून येत नाही

‘उद्योजकाचं मन सकारात्मक असेल तर माध्यमं आपणहून त्याच्या दारात येतात’ असा एक लांबलचक मजकूर सध्या कोल्हापुरातल्या व्यवसायाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतोय. त्यात पाच गोष्टी सांगितल्यात. रोज सकाळी डोळे मिटून पेपरात आपला फोटो छापून आल्याचं चित्र बघा. पत्रकाराशी बोलताना नुकसान, अडचण, तक्रार यांबद्दल चकार शब्द काढू नका. कोल्हापुरी चप्पल जगभर गाजली ती कारागिरांच्या सकारात्मकतेमुळं, हे ध्यानात ठेवा. नकार आला तरी खचू नका. आणि एवढं करूनही बातमी आली नाही तर दोष तुमच्या विचारांत आहे. तो घालवायला आमची कार्यशाळा आहे, फी भरा.

असे मजकूर येतात आणि जातात. पण हा माझ्या भाचीनं मनावर घेतलाय. ती घरी चटणी करून विकते, म्हणजे बाहेरगावचे लोक ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात ती. कार्यशाळेची फी भरायच्या तयारीत होती. माझा जन्म पेपरच्या डेस्कवर आलेल्या प्रेसनोटा निवडण्यात गेला, त्यामुळं गप्प बसवत नाही.

चपलेपासून सुरुवात करतो, कारण त्या मुद्द्यानं माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं हुबेहूब कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही. इथं लोक भडकले. कारागीर बोलले, व्यापारी बोलले, समाजमाध्यमांवर कंपनीची सालटी निघाली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं कंपनीला पत्र धाडलं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे हे नाव ठरावीक भागातल्याच मालाचं असल्याची सरकारी नोंद, मिळालेलं होतं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्यामुळं ‘हे आमचं आहे’ म्हणताना हातात कागद होता. ही रचना भारतीय पारंपरिक हस्तकलेवरून घेतल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. जुलैमध्ये तिची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करार झाला.

आता या सगळ्यात शांतचित्तानं बसून काय आलं? राग आला, मग पत्र गेलं, पत्राला पुरावा होता, आणि लोकांनी विषय सोडला नाही. कोल्हापुरातल्या सुभाषनगर, जवाहरनगरमधले कारागीर त्याआधीही तितकाच जीव ओतून चप्पल शिवत होते. कातडं महागलं, पोरं या धंद्यात यायला तयार नाहीत, हे ते सांगत होते तेव्हा देशभरातले कॅमेरे आले नव्हते. ज्यांनी अन्याय झाला म्हणून आवाज उठवला, त्यांच्या लढ्याचं श्रेय ‘सकारात्मक विचारां’ना देणं हा त्या माणसांचा अपमान आहे.

याच्याइतकाच घातक मुद्दा नुकसान लपवण्याचा. भाचीनं मला तिची प्रेसनोट दाखवली. शीर्षक होतं, ‘सकारात्मक ऊर्जेच्या बळावर गृहिणीची उद्योगात गगनभरारी’. खाली स्वप्न, जिद्द, विश्वास, प्रेरणा. चटणी कुठं मिळते ते नाही, भाव नाही, मिरची कोणती ते नाही, तारीख नाही. अशी प्रेसनोट डेस्कवर आली की उपसंपादक दोन ओळी वाचतो आणि पुढच्या मेलकडं वळतो. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे. त्याला रात्री पान लावायचं असतं आणि या मजकुरात वाचकाला सांगण्यासारखं काहीच नसतं.

मग मी तिला सहज विचारलं, 2025 च्या मे महिन्यात तू काय केलंस? त्या वर्षी ऐन मे महिन्यात पाऊस लागला आणि मान्सूनही लवकर येऊन धडकला. मार्च ते मे हा आपल्याकडं चटणीचा हंगाम. गच्चीवर मिरची वाळत घातलेली, मिरची कुटायच्या डंकावर नंबर लागलेले, आणि वरून पाणी. ती म्हणाली, “मामा, संकेश्वरी मिरची सगळी भिजली की. बुरशी धरायला लागली. ती टाकून दिली आणि ब्याडगी जास्त घालून चटणी केली. मग तिखट कमी पडलं म्हणून लवंगी मिसळली. गिऱ्हाईकांना आधीच फोन करून सांगितलं, यंदा चव जरा वेगळी असणार, नको असेल तर पैसे परत.”

मी म्हणालो, अगं, हीच बातमी आहे. ती म्हणाली, “नुकसानीचं कशाला लिहायचं? निगेटिव्ह वाटतंय ते.”

हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. बुरशी आलेली मिरची दळून विकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. तिनं पदरचे पैसे घालून माल फेकला आणि गिऱ्हाईकाला खरं सांगितलं. या बाईवर विश्वास ठेवावा असं वाचकाला वाटेल ते याच गोष्टीमुळं. शिवाय पावसानं चटणीचं गणित कसं बिघडवलं, हा त्या आठवड्यात घरोघरचा प्रश्न होता. एखादा बातमीदार लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिरचीचा भाव विचारत फिरत असतो, तेव्हा त्याला नेमकं असंच बोलणारं माणूस हवं असतं. तिनं तेव्हा फोन केला असता तर बहुतेक छापून आलं असतं, फोटोसकट. 2019 च्या महापुरातही ज्यांनी भिजलेला माल बाहेर काढून दाखवला, त्यांचंच म्हणणं लोकांपर्यंत गेलं.

डोळे मिटून फोटो बघण्याबद्दल फार लिहीत नाही, एकच दाखला देतो. गॅब्रिएल ओटिंगेन आणि डोरिस मायर या मानसशास्त्रज्ञांनी जर्मनीत पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या तरुणांचा दोन वर्षं मागोवा घेतला. तो अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या नोकरीची गोड स्वप्नं जे जास्त रंगवत होते, त्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले होते आणि पगारही कमी होता. मनातल्या मनात मिळालं की हातपाय हलवायची निकड कमी होते, असा त्याचा अर्थ. नोकरीच्या जागी बातमी घाला. रोज सकाळी पंधरा मिनिटं फोटो बघण्यात घालवण्यापेक्षा तोच वेळ व्यापार-उद्योगाच्या बातम्या कोण लिहितं हे पेपर उघडून बघण्यात घालवला, तर निदान कुणाला फोन करायचा ते तरी कळेल.

आता त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगायला हवी, मनात नसलं तरी. स्वप्न रंगवणं वेगळं आणि ‘मला हे जमेल’ असं अनुभवावरून वाटणं वेगळं, असा फरक त्यात केलाय. ज्यांना आपल्याला नोकरी मिळेल अशी खात्री वाटत होती, त्यांना प्रत्यक्षातही जास्त यश आलं. तेव्हा ‘खचू नका’ हा मजकुरातला चौथा मुद्दा अर्धा खरा आहे, कबूल. पहिली प्रेसनोट छापून आली नाही म्हणून पुन्हा कधी तोंडच उघडायचं नाही, असं करणारे कितीतरी चांगले उद्योजक मी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत बघितलेत. फोनवर ठामपणे, न चाचरता बोलणाऱ्याची माहिती बातमीदाराला पटकन टिपून घेता येते, हेही खरं. पण तो ठामपणा येतो तो आपल्या मालाची खडानखडा माहिती असल्यामुळं. आणि दुसऱ्यांदा फोन करताना हातात नवं काहीतरी हवं. तीच प्रेसनोट पुन्हा पाठवली तर उत्तरही तेच येणार.

राहिली कार्यशाळा. बातमी न येण्याची कारणं साधी असतात. त्या दिवशी मोर्चा निघाला, नेत्याची सभा झाली, जाहिराती वाढून जागा उरली नाही, फोटो अंधुक होता, प्रेसनोट संध्याकाळी उशिरा आली, किंवा त्यात बातमीच नव्हती. यातलं एकही कारण तुमच्या मनात दडलेलं नसतं. तरी दोष तुमच्या विचारांतच आहे असं सांगितलं की शिकवणाऱ्यावर कधीच बालंट येत नाही आणि फी भरलेली बाई घरी बसून स्वतःलाच बोल लावते. भाची तेच करत होती. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची.

त्या मजकुराच्या तळाशी ‘बातमीची हमी’ असंही लिहिलंय. कुठल्याही वर्तमानपत्रातल्या बातमीची हमी बाहेरचा माणूस देऊ शकत नाही. पैसे देऊन जागा घेतली तर ती जाहिरात झाली, आणि जाहिरात ही जाहिरात म्हणून वाचकाला कळली पाहिजे असं भारतीय प्रेस परिषदेचे आचारनियम सांगतात. त्यामुळं ज्यांना हा मजकूर आलाय त्यांनी पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: पेपर कोणता, पान कोणतं, आणि मजकुरावर ‘जाहिरात’ असं छापलेलं असेल की नाही. भाचीनं परवा हे विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही.