जुनं यूएसबी पेडल विकायला काढताय? जरा थांबा

'नव्या लॅपटॉपला लागत नाही, मिळेल त्या भावात देणे आहे.' पुण्यात गिटारवाल्यांच्या ग्रुपवर अशी जाहिरात दिसली की समजावं, पेडल (गिटारचा आवाज बदलणारं, पायाने चालवायचं यंत्र) बहुतेक धडधाकट आहे, अडलंय ते ड्रायव्हरवर, म्हणजे कॉम्प्युटरला पेडलशी बोलायला लागणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर.

एकाच यूएसबी केबलमधून दोन कामं चालतात: आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणं आणि एडिटरमधून (पेडलच्या सेटिंगचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम) पॅच, म्हणजे साठवलेले आवाज, बदलणं. दुसरं काम मिडीवर, म्हणजे वाद्यांना सूचना पाठवायच्या भाषेवर, चालतं. एडिटर उघडत नाही म्हणून रेकॉर्डिंगही गेलं असं धरून चालू नका. उदाहरणार्थ, बॉस कंपनीचं जीटी-१० पेडल. सिस्टिम मेनूतल्या यूएसबीमध्ये ड्रायव्हर मोड 'स्टँडर्ड' ठेवला की ऑपरेटिंग सिस्टिमच्याच ड्रायव्हरवर ऑडिओ मिळतो. 'अ‍ॅडव्हान्स्ड'ला कंपनीचा ड्रायव्हर लागतो, पण मिडी तिथेच मिळतं. मोड बदलल्यावर पेडल बंद करून पुन्हा चालू करायचं. ही पायरी गाळली की लोक ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत बसतात.

३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चढतच नाही. कम्पॅटिबिलिटी मोड (जुने प्रोग्रॅम चालवायची विंडोजची सोय) लावून फार तर इन्स्टॉलर चालेल, ड्रायव्हर नाही. ६४ बिटचा असूनही अडत असेल तर विंडोज ११ मध्ये 'कोअर आयसोलेशन'खालची 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षा सोय त्याला रोखत असू शकते. ती बंद करता येते, पण ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात तिथे हा उद्योग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिट प्रोग्रॅम बंदच आहेत.

त्यापेक्षा घरात धूळ खात पडलेला विंडोज ७ चा लॅपटॉप फक्त एडिटरसाठी ठेवा, इंटरनेट न जोडता. नसेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) ३२ बिट विंडोज ७ टाकून पेडलची यूएसबी आत वळवा. पॅचची ने-आण सहसा होते. आवाज मात्र तुटतो, कारण ऑडिओला लागणारा अखंड प्रवाह तिथे टिकत नाही. म्हणून आत एडिटिंग, बाहेर रेकॉर्डिंग. पहिलं काम सगळ्या पॅचचा बॅकअप.

रेकॉर्डिंगला प्रोजेक्टचा सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झवर ठेवा, बरीच जुनी पेडलं तेवढंच जाणतात. कंपनीचा एएसआयओ (आवाज कमी उशिराने नेणारा) ड्रायव्हर नसेल तर एएसआयओफोरऑल हा सर्वसाधारण पर्याय वापरून बघा. बफर २५६ सॅम्पलचा म्हणजे एका दिशेला साधारण ५.८ मिलिसेकंद उशीर. हेडफोन पेडललाच लावा आणि सॉफ्टवेअरमधलं ट्रॅक मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर तोच स्वर दोनदा, किंचित मागेपुढे ऐकू येतो. घूंऽऽ असा हम आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगचा किंवा चार्जरचा, पेडलचा नव्हे.

फर्मवेअर (पेडलच्या आतला प्रोग्रॅम) चढवताना लाइट गेली तर पेडल कायमचं झोपू शकतं, तेव्हा पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार असलेल्या गुरुवारी हे काम काढूच नका!

अ‍ॅडॉप्टर हरवला म्हणून तपकीर गल्लीतून (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) 'नऊ व्होल्टचा कुठलाही' आणू नका. डिजिटेकच्या आरपी मालिकेतल्या अनेक पेडलना ९ व्होल्ट एसी लागतो. झूम, बॉसच्या बऱ्याच पेडलना डीसी, तोही आतली पिन निगेटिव्ह; पण वरच्या जीटी-१० ला एसीच लागतो. पेडलच्या पाठीवरची खूण वाचा, तिचा फोटो काढा आणि तो दाखवूनच अ‍ॅडॉप्टर मागा. मिलिअ‍ॅम्प जास्त चालतील, कमी नकोत.